दोन भाषांचा एक आवाज

सेलेना किंतानिया हिचा ‘ड्रीमिंग ऑफ यू’ हा गीतसंग्रह १८ जुलै १९९५ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला, तेव्हा ती हयात नव्हती. ३१ मार्च १९९५ रोजी टेक्सासमधील कॉर्पस क्रिस्टी येथे, अवघ्या तेविसाव्या वर्षी, तिची गोळी घालून हत्या झाली होती. संग्रह ‘बिलबोर्ड’च्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात चाहत्यांच्या हळहळीचा वाटा मोठा होता, हे खरे. परंतु नुसत्या हळहळीवर गाणी तीस वर्षे टिकत नाहीत. म्हणून हा संग्रह गाणे म्हणूनच पारखला पाहिजे.

टेक्सास १८३६ पर्यंत मेक्सिकोचा भाग होता. सीमारेषा सरकली, अनेक घरे मात्र जागच्या जागी राहिली. हा अनुभव सीमाभागातल्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांचे ‘तेहानो’ संगीत ही सेलेनाची कर्मभूमी. गंमत अशी, की ती लहानपणापासून बोलत होती इंग्रजी. तेहानो श्रोत्यांसाठी स्पॅनिशच हवी, म्हणून गायक असलेल्या वडिलांनी तिला त्या भाषेत गायला लावले. आधी शब्दांचे उच्चार पाठ झाले. भाषा बोलता येऊ लागली ती पुढे.

संग्रहात तेरा गाणी आहेत. पहिली सहा मुख्यतः इंग्रजी, नंतरची बहुतांशी स्पॅनिश. इंग्रजी गाण्यांत गोडवा आहे, सफाई आहे. पण वाद्यमेळ त्या काळच्या ठरीव साच्यातला. त्यांतली एकदोन गाणी दुसऱ्या कुणी गायली असती तरी फारसे बिघडले नसते. ‘तू सोलो तू’ मात्र ऐकावे. मारियाची वाद्यवृंदाच्या साथीने गायलेल्या या जुन्या धाटणीच्या गीतात तिचा आवाज कधी दाटून येतो, कधी मोकळा सुटतो. तिथे दुसरा गळा कल्पनेतही बसत नाही. ‘कोमो ला फ्लोर’सारखी आधीची लोकप्रिय गाणी नव्या साजात घेतली आहेत, तो साज मला काहीसा उपरा वाटतो. अपुरे राहिलेले काम इतरांनी पुरे केल्याची शिवण जागोजागी दिसते.

तरीही संग्रहाचे मोल कमी होत नाही. घरात बोलायच्या भाषेपेक्षा कष्टाने कमावलेल्या भाषेत ही गायिका अधिक खुलली. भाषा रक्तातून येते, या आपल्या लाडक्या समजुतीला हा मोठा धक्का आहे. आपली नातवंडे कन्नड किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात, मराठी बोलताना अडखळतात, ‘तो पुस्तक’ म्हणतात आणि आपण हसतो. हसलेले मूल दुसऱ्यांदा तोंड उघडत नाही, हे शाळेत मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सेलेनाच्या स्पॅनिशमध्येही चुका होत असत. मेक्सिकोतल्या मुलाखतींत ती त्या हसत हसत करी आणि बोलत राही. लोकांनी तिला आपली मानले.

हा संग्रह ऐकताना सातव्या गाण्यापासून पुढे जरा कान देऊन ऐकावे. स्पॅनिशचा एक शब्द कळला नाही तरी चालेल. तिलाही सुरुवातीला कुठे कळत होता!