बिढार आणि बहिष्कार

प्राध्यापकांनी संप करावा की करू नये, हा वाद आपल्याकडे निघाला म्हणजे तो बहुधा पगारावर येऊन थांबतो. गुरू आणि वेतन हे शब्द एका वाक्यात आले की सभ्य गृहस्थास अवघडल्यासारखे होते, आणि त्या संकोचाच्या आडून मूळ प्रश्न निसटून जातो. ज्याची नोकरी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, त्याने आपले मत स्वतःच्या मर्जीने कसे सांगावे, हा तो प्रश्न होय. मराठी मुलखात त्यास तीन उत्तरे दिली गेली आहेत. पहिले धाराशिव जिल्ह्यातील एका खेड्यात, दुसरे एका कादंबरी-चतुष्टयात व तिसरे २०१३ सालच्या प्राध्यापकांच्या बहिष्कारात. तिन्ही शेजारी ठेवून पाहिली असता प्रत्येकाचे बळ व उणीव ध्यानात येते.

पहिले उत्तर हिप्परग्याचे. आजच्या लोहारा तालुक्यातील या गावी १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सातव्या निजामाचे नाव शहरास मिळाले आणि हैदराबादेतील विद्यापीठासही मिळाले. त्या राज्यात विद्येस मोकळीक किती होती हे १९३८ साली दिसले. वसतिगृहात 'वंदे मातरम्' म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने विद्यार्थ्यांस बाहेर काढले, आणि त्यांतील अनेकांस आश्रय द्यावयास नागपूर विद्यापीठ पुढे यावे लागले. अशा राज्यात १९२९ साली व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक हिप्परग्यास आले. तत्पूर्वी ते कामगारपुढारी ना. म. जोशी यांच्याजवळ काम करीत होते. १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. पुढे हैदराबादचा मुक्तिसंग्राम ज्यांच्या नावाने ओळखला गेला ते स्वामी रामानंद तीर्थ हेच. सेवेची शाश्वती नाही, सरकारी आश्रय नाही, आणि तरीही वर्गात निर्भयता आहे, असे हे उदाहरण आहे. शिक्षकास स्थैर्य कशाला हवे, असे विचारणारास याहून सोयीचा दाखला मिळणार नाही.

परंतु दाखला सोयीचा असला म्हणून तो सर्वत्र लागू पडतो असे नाही. ज्याने घरदारच सोडले त्याच्याकडून हिरावून घ्यावयास सत्तेजवळ काही उरत नाही. त्याचे स्वातंत्र्य खरे. परंतु त्याची किंमत संन्यास ही होती. एखाद्या समाजात शेकडो महाविद्यालये चालवावयाची असतील तर त्यांतील प्रत्येक अध्यापकाने संन्यास घ्यावा अशी अपेक्षा धरता येत नाही. ज्यास म्हातारे आईबाप आहेत, ज्याची मुले शाळेत जातात, अशा सामान्य माणसासही जे परवडेल, तेच स्वातंत्र्य संस्थेच्या उपयोगी पडते.

दुसरे उत्तर याच सामान्य माणसाचे आहे. भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार', 'हूल', 'जरीला' व 'झूल' या चार कादंबऱ्या १९७५ ते १९७९ या काळात प्रसिद्ध झाल्या. लेखक स्वतः इंग्रजीचे प्राध्यापक. औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठात त्यांनी अनेक वर्षे शिकविले. त्यांचा चांगदेव पाटील हाही इंग्रजीचा प्राध्यापक. तो एका गावाहून दुसऱ्या गावी, एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जात राहतो. संस्थाचालकांची सत्ता, जातीचे हिशेब, सहकाऱ्यांचे गट हे सर्व त्यास दिसते. तो ते पाहतो, मनाशी नोंदवितो, आणि निघतो. 'बिढार' हे नाव म्हणूनच समर्पक आहे. बिढार म्हणजे उचलून नेता येण्याजोगा संसार. त्यास दार नसते, म्हणून त्यास कोणी कोंडूही शकत नाही.

या चतुष्टयाचे सामर्थ्य त्याच्या निरीक्षणात आहे, याविषयी दुमत होऊ नये. आमचा आक्षेप नायकाच्या निघून जाण्याकडे ज्या कौतुकाने पाहिले जाते त्याविषयी आहे. निघून जाणारास स्वाभिमान राखता येतो. पण तो ज्या वर्गातून जातो त्या वर्गाचे काय? मागे राहिलेल्या विद्यार्थ्यांस दुसरा तात्पुरता मनुष्य मिळतो, आणि संस्थाचालकास कटकट मिटल्याचे समाधान. एकट्याचे जाणे हा निषेध खरा, पण ज्याचा निषेध करावयाचा त्यासच तो सर्वांत स्वस्त पडतो. शिवाय दुसऱ्या गावी नोकरी मिळेल ही खात्री असेपर्यंतच बिढार हलविण्यात डौल असतो. ती खात्री गेली म्हणजे तेच बिढार भटकंती होऊन बसते.

तिसरे उत्तर ज्यांनी दिले ते गेले नाहीत. थांबले आणि एकत्र थांबले. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात महाराष्ट्रातील प्राध्यापकांच्या महासंघाने विद्यापीठीय परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. ज्या दोन मागण्यांनी लोकांचे लक्ष वेधले त्यांतील एक सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीची. दुसरी १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या दरम्यान नेमल्या गेलेल्या, परंतु नेट अथवा सेट परीक्षा उत्तीर्ण नसलेल्या अध्यापकांची सेवा नियमित करण्याची. यांतील कित्येकांच्या केसांत तोवर पांढरे आले होते, आणि तरीही त्यांची सेवा कागदावर अधांतरीच होती. उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यावर बहिष्कार मिटला; ७१ दिवसांचा पगार रोखला गेला आणि त्याचा वाद पुढे न्यायालयात चालला.

ते वर्ष मराठवाड्यात भीषण दुष्काळाचे होते, आणि धाराशिव त्याच्या ऐन झळीत होते. ज्या विद्यार्थ्याच्या घरी दावणीस चारा नव्हता, त्यास निकालाचा एकेक दिवस जड जाणारच. त्याने प्राध्यापकांस विचारले असेल, तुमच्या थकबाकीशी माझा काय संबंध? या प्रश्नास बहिष्काराजवळ पुरेसे उत्तर नव्हते, आणि हाच त्याचा मोठा दोष होय. उत्तर मात्र होते. ज्याची सेवा अधांतरी आहे तो अध्यापक तुझ्या बाजूने प्राचार्यापुढे उभा राहू शकत नाही. गैरप्रकार दिसला तरी तो मान खाली घालतो. म्हणून त्याचे स्थैर्य हा तुझाही हक्क आहे. एवढे शब्द मागणीपत्राच्या शिरोभागी असते, आणि लोकांस ते ऐकू गेले असते, तर तो लढा वेतनाचा न ठरता विद्येचा ठरला असता.

यावर कोणी म्हणेल की, कायम झालेले प्राध्यापक तरी कोठे निर्भयपणे बोलतात? आक्षेप खरा आहे. स्थैर्याने शौर्य येत नाही, आणि आळस मात्र येऊ शकतो. तथापि स्थैर्य बोलण्याची किंमत उतरविते. खरे बोलावयास संन्याशी व्हावे लागू नये, इतकेच त्याचे काम. बोलावयाचे की नाही हे मग ज्याच्या त्याच्या मनावर.

आज धाराशिव येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तुळजापूर, उमरगा, कळंब, परांडा येथे महाविद्यालये आहेत. महाराष्ट्रातील महाविद्यालयांतून 'तासिका तत्त्वावर' नेमलेला अध्यापक आता सर्वांच्या ओळखीचा झाला आहे. या शब्दप्रयोगात 'तत्त्व' कोठे आहे, हे शोधूनही सापडत नाही. तास मोजून मानधन, सुटीत काही नाही, आणि नव्या वर्षी नेमणूक पुन्हा नव्याने. अशा मनुष्याने मार्चमध्ये काय बोलावे हे पुढच्या जुलैची चिंता ठरविते. हिप्परग्याचा त्याग त्याच्या आवाक्यात नाही. चांगदेवासारखे निघावे तर पुढचे गावही तासिकेचेच. त्यास उरतो तो तिसरा मार्ग, आणि त्या मार्गावर पूर्वी गेलेल्यांपैकी जे कायम झाले, त्यांनी त्याच्यासाठी पुन्हा थांबावयास हवे. ते थांबले, तर २०१३ साली जे सांगावयाचे राहून गेले ते या वेळी विद्यार्थ्यांस प्रथम सांगावे.