'प्रोव्होक्ड' आणि बंद दार

'प्रोव्होक्ड' (२००६) बघितला असेलच. दहा वर्षं मार खाल्लेल्या किरणजित अहलुवालियाने १९८९मध्ये नवऱ्याला जाळलं. १९९२मध्ये ती सुटली. ऐश्वर्या राय तुरुंगातच मोकळी होत जाते, हे छान जमलंय. पण साउथॉल ब्लॅक सिस्टर्स सिनेमात येतात त्या ती आत गेल्यावर. संस्था तर १९७९पासून होती, चिझिकचं आश्रयगृह १९७१पासून. मग ती तिथवर का पोचली नाही? सिनेमाला कोर्टाची घाई. (टाळ्या तिथेच पडतात ना!)

हाच प्रश्न आज पिनरमध्ये विचारून बघा. मैत्रीण डिपेंडंट व्हिसावर असेल, तर सरकारी मदत बंद. भाडं कोण भरणार म्हणून आश्रयगृहंही कचरतात. २०२४पासून तिलाही तीन महिन्यांची सवलत मिळते खरी. तेवढ्यात समुपदेशन, वकील, नोकरी, सगळं? आणि नवरा स्किल्ड वर्कर असेल, तर पुढे इथे कायम राहायचा हक्क त्यातून मिळत नाहीच.