सेइता का मरतो?

आकियुकी नोसाका यांची ‘काजव्यांचे थडगे’ ही जपानी कथा १९६७ सालची. तिला नाओकी पुरस्कार मिळाला. १९८८ मध्ये इसाओ ताकाहाता यांनी तिच्यावर अॅनिमेशनपट केला आणि ती जगभर पोचली. युद्धविरोधी कलाकृती अशीच तिची ओळख सांगितली जाते. ताकाहाता यांना मात्र हे वर्णन मान्य नव्हते. युद्ध पार्श्वभूमीला सारून पाहिले, तर समोर राहतात १४ वर्षांचा सेइता आणि ४ वर्षांची आजारी सेत्सुको. आई कोबेवरच्या बॉम्बहल्ल्यात गेलेली. बहिणीच्या अंगावर पुरळ, जुलाब थांबत नाहीत. पोषणाखेरीज उपाय नाही, असे डॉक्टर सांगतात. ते आणायचे कुठून, हे पोराने पाहायचे. तो शेतातून चोरतो, मार खातो, मिळेल ते बहिणीला भरवतो. ती जाते. महिन्याभरात सान्नोमिया स्टेशनात तोही मरतो.

या कथेशेजारी नोसाकांचे आयुष्य ठेवले की दोन बदल दिसतात. ५ जून १९४५ च्या हल्ल्यानंतर १४ वर्षांचे नोसाकाही धाकट्या दत्तक बहिणीला सांभाळत होते. ऑगस्टमध्ये फुकुई येथे ती कुपोषणाने गेली. पण ती जेमतेम दीड वर्षाची होती, आणि भाऊ २०१५ पर्यंत जगला. आपण सेइताइतके प्रेमळ नव्हतो, तिच्या वाट्याचे खाल्ले, रडणे थांबावे म्हणून तिला मारलेही, अशी कबुली त्यांनी पुढे दिली.

पहिल्या बदलाने बहिणीला वाचा मिळाली. दुसऱ्याने भावाला शिक्षा झाली. कथा सेइताच्या मृत्यूनेच सुरू होते, म्हणजे आधी निकाल, मग सुनावणी. त्या सुनावणीत त्याच्यावर ठपका येतो तो नातेवाइकांचे घर सोडण्याच्या हट्टाचा, भुकेचा नव्हे.

माझा आक्षेप इथे आहे. सेइता प्रेमळ राहिल्याने कथा काळजाला भिडते, पण खरा मुलगा तिच्याबाहेर राहतो. उपाशी, रडण्याने वैतागलेला १४ वर्षांचा मुलगा दुष्ट नसतो; मोठ्यांचे काम त्याच्यावर येऊन पडलेले असते. आजारी भावंडाची उस्तवार करणारी आपल्या घरांतली मुलेही चिडतात, कंटाळतात आणि त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. सेइता वाचून त्यांना स्वतःची लाजच वाटेल. त्यांच्यासाठी तरी ही कथा नोसाकांच्या कबुलीसह वाचली जावी.