मुंगी लहानच ठेवा

मुक्ताईनगर म्हणजे जुने एदलाबाद. इथल्या कोथळीच्या देवळात दर्शनाला येणाऱ्या वारकऱ्यांना मुक्ताबाईंचा मुंगीचा अभंग सांगावा लागत नाही. त्याचा आध्यात्मिक अर्थ उलगडणारे पुष्कळ झाले. मला त्यात ॲनिमेशन दिसते.

डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 साली 'द इल्यूजन ऑफ लाइफ' या पुस्तकात या कलेची 12 तत्त्वे मांडली. त्यांतली काही या अभंगात तेराव्या शतकातच कामाला लागलेली आहेत.

अतिशयोक्ती तर उघडच आहे: मुंगी आकाशात जाते आणि सूर्य गिळते. पण मुक्ताबाई मुंगीला मोठी करत नाहीत. मोठी झाली असती तर सूर्य गिळण्यात मौज काय उरली? ती इवलीशीच राहते, म्हणून तो घास डोळ्यांपुढे उभा राहतो. मांडणीही तशीच मोकळी. एका वेळी एकच जीव, एकच कृती, भोवती गर्दी नाही. मुंगी वर गेली की पुढे विंचू खाली पाताळात उतरतो. नजर आकाशातून थेट शेषापर्यंत येते, आणि तो शेषच विंचवाच्या पाया पडतो!

वेळेचा हिशेब तर फारच पक्का. मुंगीच्या ओळीत आठ-आठ अक्षरांचे दोन तुकडे. पहिल्यात उड्डाण, दुसऱ्यात घास. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी लागतात, आणि एकेक चित्र दोन चौकटी टिकवून चित्रकार बरेचदा 12 चित्रांत भागवतो. मुक्ताबाईंना तेवढीही लागली नसती. उडण्याआधी त्यांची मुंगी दबत नाही, पाय रोवत नाही. पूर्वतयारीचे तत्त्व त्यांनी सरळ मोडले आहे, आणि धक्का बसतो तो त्यामुळेच.

अभंगातली वांझेला पुत्र झाल्याची ओळ मात्र चित्रात उतरत नाही. ती विचारातच राहते. माशीपोटी घार जन्मते तिथे पुन्हा रंग भरतो. एमिल कोलच्या 1908 मधल्या 'फँटास्मागोरी'त आकारातून आकार असेच निघत जातात.

आणि शेवटी हे सगळे पाहून मुक्ताई हसते. मला ही सर्वांत चतुर जागा वाटते. अचाट गोष्ट पटते ती पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावरून, स्पष्टीकरणातून नाही.

जळगाव-धुळ्याकडे ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांनी उसळत्या चेंडूचा सराव झाला की ही मुंगी काढून बघावी. सूर्य हवा तेवढा मोठा काढा, मुंगी मात्र लहानच ठेवा.