तबकडीवर न छापलेली नावे

गेल्या पावसाळ्यात गारगोटीतील एका ख्रिस्ती घरी माळा झाडण्याचे काम निघाले आणि त्या निमित्ताने एक लाकडी पेटी खाली आली. आत अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या वीस-बावीस तबकड्या होत्या. काहींना तडे गेले होते, काहींची कागदी पाकिटे वाळवीने संपवली होती. नातू त्या भंगारवाल्याला देण्याच्या बेतात होता. आजींनी त्याला थांबवले आणि मला बोलावणे धाडले. त्यांचे माहेर गोव्याकडचे. पेटीवर हात ठेवून त्या म्हणाल्या, “फादर, यांतल्या कुठल्यातरी गाण्यात आमच्या मामांचं व्हायोलिन आहे. कुठल्या, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही.”

मी तबकड्या एकेक करून उजेडात धरल्या. मधल्या गोल कागदावर गीताचे नाव, चित्रपटाचे नाव, गायक-गायिका, संगीत दिग्दर्शक आणि तबकडीचा क्रमांक एवढा मजकूर होता. वादकांविषयी अक्षर नाही. मामांचा शोध तिथेच संपला. परंतु तो असा का संपावा, हा प्रश्न मात्र मनातून जाईना.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नाव सांगण्याची एक भाबडी रीत होती. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग कलकत्त्यात मुद्रणे करू लागला, तेव्हा गौहरजान गाणे संपताच आपले नाव इंग्रजीतून मोठ्याने उच्चारीत असे. कारण व्यवहाराचे होते. मुद्रण जर्मनीतील हॅनोवरला जाई, तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे कसे? १९०८ मध्ये कलकत्त्यातच कारखाना निघाला. पुढे छापील कागदावर भागू लागले आणि ही घोषणा लोपली. त्या कागदावर जागा थोडी होती, हे खरे. पण कोणाला जागा द्यावयाची, हे ठरविणारे हात वादकांचे नव्हते.

आता संगीताकडे वळू. पेटीत १९५१ च्या ‘अलबेला’ची एक तबकडी निघाली. भगवानदादांचा हा चित्रपट आणि पुणतांब्यात जन्मलेल्या रामचंद्र चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्रांचे संगीत. आपल्याकडे या गाण्यांची आठवण निघते ती नाचाच्या अंगाने. मी ती डोळे मिटून ऐकली. चालीची वळणे देशी आहेत, परंतु तिला उचलून धरणारा ठेका आणि ट्रंपेटची मध्येच झेपावणारी फेक दुसऱ्याच मुलखातून आलेली आहे. तो मुलूख म्हणजे बार्देशातील हळदोणे आणि वाद्यवृंदाचा नायक चिक चॉकलेट, अर्थात अंतोनियो शावियर वाझ. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजविणारा हा मनुष्य ‘अलबेला’त आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. तरी श्रोत्याच्या जिभेवर त्याचे नाव राहिले नाही. १९६७ साली तो वारला.

हे वादक शिकले कोठे? गोव्यातील धर्मग्रामांच्या शाळांत. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडून असलेल्या या शाळांत ‘मेस्त’ मुलांना पाच रेषांवरचे स्वरलेखन वाचावयास शिकवी, व्हायोलिन हाती देई आणि रविवारी त्यांनाच मिस्सेसाठी गानवृंदात उभे करी. चार आवाजांनी चार वेगळ्या वाटांनी जावे आणि तरी एकमेकांस धरून राहावे, ही शिस्त त्यांनी लॅटिन स्तोत्रे गाताना बाणवली. आपल्या रागसंगीताला या शिस्तीची गरज कधी पडली नव्हती. त्यामुळे चित्रपटवाल्यांना मोठा वाद्यवृंद हवासा झाला, तेव्हा कागदावरचे स्वर पाहताक्षणी वाजविणारी माणसे बव्हंशी गोव्याचीच मिळाली. सेमिनरीत ग्रेगोरियन गायन घोकलेल्या माझ्यासारख्याला ही उकल व्हावयास पन्नाशी उलटावी लागली, याची थोडी लाजच वाटते.

सेबॅस्टियन डिसोझा यांचे उदाहरण घ्यावे. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालविणारे हे गृहस्थ पुढे मुंबईत शंकर-जयकिशन यांचे संगीत संयोजक झाले. त्यांच्या गाण्यांत अंतरा चालू असता मागे व्हायोलिने काय करतात, याकडे एकदा कान द्यावेत. ती गायिकेची री ओढत नाहीत. स्वतःची वेगळी चाल धरतात, तिला उत्तर देतात, तिने श्वास घेतला की पुढे सरकतात. ही करामत गानवृंदातील दुसऱ्या आवाजाचीच आहे. सगळेच निर्दोष, असे मात्र मी म्हणणार नाही. काही गाण्यांत व्हायोलिनांचा थाट एवढा वाढतो की साध्या शब्दांचा जीव गुदमरतो. भावगीताची पेटी-तबल्यावरची मोकळीक मला अशा वेळी अधिक रुचते. पण दोष दाखवायचा तरी दोषाचा धनी ठाऊक असावा लागतो.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांची कथा तर विलक्षण आहे. वडील चर्चच्या गानवृंदाचे मेस्त. मुलगा मुंबईस आला, प्यारेलालसारख्या शिष्याला व्हायोलिन शिकवू लागला आणि १९५८ मध्ये त्याने सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या चौकात भारतीय संगीताचा सिंफनी वाद्यवृंद उभा केला. लता मंगेशकर व मन्ना डे त्यात गायले. रागाच्या अंगाने चार आवाज चालविण्याचा तो धाडसी प्रयोग होता. १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचे नाव गीतात गुंफले आणि ते घरोघर पोचले, परंतु अंड्यातून बाहेर पडणाऱ्या एका विनोदी पात्राचे म्हणून! गौहरजानने स्वतः आपले नाव सांगितले होते. गोन्साल्विसांचे नाव दुसऱ्याने सांगितले आणि लोक हसले. २०१२ साली ते निवर्तले तोवर ‘हा मनुष्य खरोखरीच आहे काय’ असे विचारणारे कमी नव्हते.

जुन्या तबकड्यांचा शोध घेणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. भारतातील पहिल्या मुद्रणांची पद्धतशीर सूची केली ती ऑस्ट्रेलियातील मायकल किनियर यांनी. ती १९९४ मध्ये मुंबईत पुस्तकरूपाने निघाली. तबकडी-संग्राहकांची संस्थाही मुंबईत १९९० मध्ये उभी राहिली. सातासमुद्रापलीकडचा मनुष्य क्रमांक जुळवीत बसला आणि आम्ही तबकड्या वजनावर विकल्या. तरीही एक तक्रार नोंदवितो. संग्रहाचा छंद दुर्मिळतेला फार भुलतो. जी तबकडी एकच उरली ती थोर, असा हिशेब संगीतात चालत नाही. शिवाय सूची कागदावरच्या मजकुराची होते. कागद मुका असेल तर सूचीही मुकी. ही उणीव भरून काढली ती वादकांच्या दारी जाऊन बसणाऱ्यांनी. ग्रेगरी बूथ यांचे २००८ चे आणि नरेश फर्नांडिस यांचे २०१२ चे, ही दोन इंग्रजी पुस्तके त्या दृष्टीने मोलाची आहेत. मराठीत अशा तोलाचा ग्रंथ अद्याप माझ्या वाचनात नाही.

आणि आपण? सिनेमात वाजविणाऱ्या माणसाकडे आपल्या धर्मग्रामांनी फारसे आदराने पाहिले नाही. रात्री हॉटेलात, सकाळी मिस्सेला, हे आम्हा धर्मगुरूंना खटके. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने उपासनाविधीवरील दस्तऐवज दिला. लोकभाषेला दार उघडणाऱ्या त्याच दस्तऐवजाने पवित्र संगीताचा ठेवा जपावा आणि गानवृंद जोपासावेत, असेही सांगितले होते. आम्ही पहिला भाग आनंदाने वाचला आणि दुसरा वाचायचा राहिला. मराठी गीते आली ती सर्वांच्या मुखी बसली, हे उत्तमच झाले. पण चार आवाजांच्या हस्तलिखित वह्या किती ठिकाणी रद्दीत गेल्या, त्याची मोजदाद कोणी ठेवली नाही.

आजींच्या घरी आम्ही दोन संध्याकाळी तबकड्या लावल्या. चावीचा फोनो शेजारच्या गावातून उसना आणला आणि दर बाजूला नवी पिन घातली, कारण झिजलेली पिन तबकडीचा घास घेते. आजी प्रत्येक गाण्याला मान कलती करून मागची व्हायोलिने ऐकत होत्या. अकराव्या की बाराव्या तबकडीला त्यांनी हात वर केला. “हेच असावं,” त्या म्हणाल्या, मग थोड्या वेळाने, “किंवा मघाचं.” नातवाने एका वहीत दोन्ही क्रमांक लिहून घेतले आणि समोर मामांचे पूर्ण नाव, गाव आणि वाद्य लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले.