सहा विरुद्ध सहा: दोन काळांची तुलना करण्याआधी

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात एक हिशेब लहान मुलांनाही तोंडपाठ असतो. पॉल 'बेअर' ब्रायंट: अलाबामा विद्यापीठात २५ हंगाम (१९५८ ते १९८२), २३२ विजय, ४६ पराभव, ९ बरोबरी, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. निक सेबन: त्याच विद्यापीठात १७ हंगाम (२००७ ते २०२३), २०१ विजय, २९ पराभव, सहा राष्ट्रीय विजेतेपदं. मग वाद सुरू होतो. दोघांत मोठा कोण?

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन धावायचं, अंगावर येणाऱ्यांना चुकवायचं, असा तो अमेरिकन खेळ. तिथे विद्यापीठांचे संघ लाखभर प्रेक्षकांसमोर खेळतात आणि मुख्य प्रशिक्षक खेळाडू निवडण्यापासून डावपेच ठरवण्यापर्यंत सगळ्याचा धनी असतो. तुम्हाला खेळ कळला नाही तरी बिघडत नाही. दोन काळांची तुलना करताना संशोधक जिथे जिथे घसरतो, त्या जागा या वादात उघड्या दिसतात, म्हणून मी तो इथे आणला. तुमच्यापैकी बरेच जण प्रबंधात कुठली ना कुठली जुन्या-नव्याची तुलना करणारच आहात. पावसाची असेल, पिकाची, रुग्णांची, नाहीतर परीक्षेच्या निकालांची.

आधी पट्टी बघा

सहा आणि सहा हे आकडे सारखे दिसतात, पण ते एकाच पट्टीनं मोजलेले नाहीत.

ब्रायंट यांच्या काळात राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरत नसे, मतदानानं ठरे. असोसिएटेड प्रेस ही संस्था पत्रकारांची मतं घ्यायची, यूपीआय ही वृत्तसंस्था प्रशिक्षकांची. हंगाम संपल्यावर नव्या वर्षाच्या आसपास निमंत्रितांचे 'बोल' सामने होत आणि बरीच वर्षं हे मतदान त्या सामन्यांच्या आधीच उरकलं जाई. परिणाम काय झाला बघा. १९६४ मध्ये अलाबामा विजेता जाहीर झाला आणि मग ऑरेंज बोलमध्ये टेक्सासकडून २१-१७ असा हरला. विजेतेपद तसंच राहिलं. १९७३ मध्ये प्रशिक्षकांच्या मतदानात अलाबामा पहिला आला, मग शुगर बोलमध्ये नोत्र दामकडून एका गुणानं, २४-२३, हरला. पत्रकारांनी नंतर नोत्र दामला विजेता ठरवलं. १९७८ मध्ये पत्रकारांची पसंती अलाबामाला आणि प्रशिक्षकांची सदर्न कॅलिफोर्नियाला, आणि त्याच हंगामात सदर्न कॅलिफोर्नियानं अलाबामाला बर्मिंगहॅममध्ये येऊन हरवलं होतं.

सेबन यांची सहाही पदं अंतिम सामना जिंकून आलेली आहेत. म्हणजे त्यांची पट्टी निर्दोष का? नाही. २०११ मध्ये अलाबामा आपल्याच विभागात दुसरा होता. एलएसयूकडून ९-६ असा हरला होता. तरी क्रमवारीतली मतं आणि संगणकाचे गुण यांच्या जोरावर तो अंतिम सामन्यात पोचला आणि तिथे त्याच एलएसयूला २१-० असं हरवून विजेता झाला. पट्टी सुधारली, पण मत देणारा माणूस तिच्यातून गेला नाही.

आता कोणी म्हणेल, सोपं आहे, नव्या नियमानं जुने हंगाम पुन्हा मोजा. मोजून बघा. १९६४ आणि १९७३ ही दोन पदं बहुधा जातील. पण १९६६ चं काय? त्या वर्षी अलाबामा ११ पैकी ११ सामने जिंकला, एकही बरोबरी नाही, आणि तरी मतदानात तिसरा आला. २०१४ ते २०२३ या काळातल्या चार संघांच्या बाद फेरीत तो नक्की खेळला असता. पुढे काय झालं असतं ते कोणालाच माहीत नाही. दुरुस्ती करायला गेलं की ती दोन्ही बाजूंनी करावी लागते. आपल्याला हव्या त्या बाजूनंच केली तर ती दुरुस्ती राहत नाही, वकिली होते.

याच विद्यापीठाचं आणखी एक उदाहरण. आज अलाबामा एकूण १८ राष्ट्रीय विजेतेपदं सांगतं. त्यांत १९४१ चं एक आहे. त्या हंगामात फ्रँक थॉमस यांचा संघ दोन सामने हरला होता आणि असोसिएटेड प्रेसच्या यादीत २० वा होता. पहिला होता मिनेसोटा. एका गणिती क्रमवारीनं मात्र अलाबामाला वर ठेवलं होतं, तेवढा आधार पुरला. सगळे सामने जिंकलेला १९६६ चा हंगाम मोजणीत नाही आणि २० व्या क्रमांकाचा १९४१ चा आहे! कुठलाही तयार डेटा हातात आला की तो कोणी जमवला, कधी जमवला आणि कशासाठी जमवला हे विचारा. आकडे खोटे नसतात, पण त्यांना घरचे असतात.

मग भागाकार

विजयांची संख्या घ्या. २३२ हे २०१ पेक्षा जास्त. पण ब्रायंट २५ हंगामांत २८७ सामने खेळले, म्हणजे हंगामाला साधारण साडेअकरा. सेबन यांच्या संघानं १७ हंगामांत मैदानावर २३५ सामने खेळले, म्हणजे जवळजवळ १४. मधल्या काळात नियमित हंगाम १२ सामन्यांचा झाला, विभागाचा अंतिम सामना आला, बाद फेरी आली. त्यामुळे 'एका हंगामात किती विजय' हा निकष सेबन यांना आपोआप झुकतं माप देतो आणि 'एकूण विजय' हा ब्रायंट यांना.

टक्केवारी जरा न्याय्य वाटते. बरोबरीला अर्धा विजय धरला तर ब्रायंट ८२.४, सेबन ८७.४. पण इथेही एक गोम आहे. १९९६ पासून बरोबरीच रद्द झाली. जादा वेळ खेळून निकाल लावतात. ब्रायंट यांच्या नऊ बरोबऱ्या आजच्या नियमात नऊ निकाल झाल्या असत्या.

आणि सेबन यांचे विजय २०१ की २०६? मैदानावर २०६. पण २००७ मधले पाच विजय नियामक संस्थेनं नंतर नोंदीतून काढून टाकले, कारण काही खेळाडूंनी पाठ्यपुस्तकांच्या सवलतीचा गैरवापर केला होता. प्रशिक्षकाची कुवत मोजायची तर २०६ घ्या, अधिकृत नोंद अभ्यासायची तर २०१. दोन्ही बरोबर आहेत. कुठला घेतला हे न सांगणं मात्र चूक आहे.

सुरुवात कुठून झाली?

ब्रायंट आले तेव्हा आधीच्या तीन हंगामांत संघाचे विजय होते ४, पराभव २४. चौथ्या वर्षी, १९६१ मध्ये, त्यांनी विजेतेपद आणलं. सेबन आले तेव्हा आधीचा हंगाम ६ विजय, ७ पराभव असा होता. तिसऱ्या वर्षी, २००९ मध्ये, विजेतेपद. वाचून वाटतं, ब्रायंट यांनी जास्त खोल खड्ड्यातून संघ वर काढला. थोडं थांबा. तळाला गेलेली गोष्ट बऱ्याचदा नुसती सरासरीकडे परतते. वेड आणि थॉमस यांच्या हाताखाली १९२३ ते १९४६ या काळात हा संघ दर पाचांतले चार सामने जिंकत होता. दोघांचीही टक्केवारी ८१.२. पैसा, प्रेक्षक, परंपरा सगळं तयार होतं. म्हणून 'आधी-नंतर'ची झेप मोजताना 'आधी'चं एकच टोक धरू नका, मागची लांब रेघ बघा.

शिवाय हे सगळे सुटे नमुनेही नाहीत. ब्रायंट हे थॉमस यांच्या संघात खेळले आणि नंतर त्यांचे सहायक होते. १९९२ चं विजेतेपद आणणारे जीन स्टॉलिंग्ज हे ब्रायंट यांचे खेळाडू आणि सहायक. गुरु-शिष्यांच्या माळेतले मणी वेगवेगळे मोजून संख्याशास्त्राची स्वतंत्र निरीक्षणांची अट पुरी होत नाही.

खरी अडचण: काळ कुठला आणि माणूस कुठला

इथपर्यंतच्या चुका मेहनतीनं दुरुस्त होतात. पुढची होत नाही, कारण तिथे तुम्हाला निर्णय घ्यावा लागतो.

वेगवेगळ्या काळांच्या तुलनेवर एक ठरलेला उतारा आहे: प्रत्येकाला त्याच्या समकालीनांशी ताडून बघा. ब्रायंट यांची तुलना त्यांच्या वेळच्या प्रशिक्षकांशी, सेबन यांची त्यांच्या. मग उरलेला फरक एकमेकांशेजारी ठेवा. प्रयोगशाळेत आपण रिकाम्या नमुन्याचं वाचन वजा करतो, तसंच. यानं काळाचा वाटा निघून जातो असं मानलं जातं.

आता १९६१, १९६४ आणि १९६५ ही तीन विजेतेपदं घ्या. तिन्ही वेळा अलाबामाच्या संघात एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. जून १९६३ मध्ये राज्याचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस याच विद्यापीठाच्या दारात उभे राहून व्हिव्हियन मलोन आणि जेम्स हूड या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवत होते. ब्रायंट यांचे विभागातले प्रतिस्पर्धी संघही तेव्हा असेच होते. म्हणजे समकालीनांशी तुलना केली की ही बाब दोन्हीकडून वजा होते आणि उत्तरातून नाहीशी होते. पद्धत काटेकोर, आणि तिनं नेमकी सर्वांत मोठी गोष्ट पुसली. ज्या मुलांना मैदानातच उतरू दिलं नाही, त्यांचं वाचन कुठल्याच रकान्यात नाही.

बरं, 'तो काळच तसा होता' हेही पुरतं खरं नाही. याच विभागात केंटकीनं १९६७ मध्ये आणि टेनेसीनं १९६८ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडू उतरवला. अलाबामाच्या मुख्य संघाकडून जॉन मिचेल खेळला तो १९७१ मध्ये. विभागाबाहेर तर चित्र आधीच बदललं होतं. १९६६ मध्ये मतदानात अलाबामाच्या वर गेलेल्या दोन संघांपैकी मिशिगन स्टेटचा बब्बा स्मिथ टेक्सासचा होता. दक्षिणेत वाढलेला, उत्तरेत जाऊन खेळलेला. सप्टेंबर १९७० मध्ये सदर्न कॅलिफोर्नियानं बर्मिंगहॅममध्ये अलाबामाला ४२-२१ असं हरवलं, त्यांच्या सॅम कनिंगहॅमनं १३५ यार्ड धावून काढले, आणि त्या एका संध्याकाळी अलाबामा बदललं अशी दंतकथा रुजली. पण विल्बर जॅक्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला अलाबामानं त्याआधीच शिष्यवृत्ती दिली होती. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायची परवानगी नसल्यामुळे तो मैदानावर दिसला नाही, एवढंच.

तर मग १९५८ ते १९७० हा वाटा काळाचा की ब्रायंट यांचा? राज्यात त्यांच्याइतका लोकप्रिय माणूस क्वचितच असेल. त्यांना काहीच करता आलं नसतं असं मानलं तर तो काळाचा वाटा. करता आलं असतं आणि उशीर झाला असं मानलं तर तो त्यांच्याच कामगिरीचा भाग, आणि तो वजा करणं म्हणजे त्यांना सूट देणं. संख्याशास्त्र हे ठरवून देत नाही.

पेच दुसऱ्या बाजूलाही आहे. १९७३ पर्यंत खेळाडूंच्या शिष्यवृत्त्यांवर राष्ट्रीय मर्यादा नव्हती; मग ती १०५ झाली, १९७८ मध्ये ९५ आणि १९९० च्या दशकात ८५. सेबन यांचे समर्थक म्हणतात, ब्रायंट खेळाडूंचा साठा करू शकत होते, ते गुण कापा. ठीक. मग सेबन यांनी सल्लागार-विश्लेषकांची फौज उभी केली, त्यांवर संख्येची मर्यादा नव्हती म्हणून इतर ठिकाणचं मुख्य प्रशिक्षकपद गमावलेल्या अनुभवी माणसांनाही त्यात घेतलं, ते कोणाच्या खात्यात टाकायचं? पैसा काळानं दिला. तो असा वापरायचं सुचलं सेबन यांना. सगळं वजा केलंत तर शेवटी दोघांच्याही हातात शिट्टी तेवढी उरेल.

पद्धतीच्या भाषेत सांगायचं तर कन्फाउंडर वजा करायचा असतो, पण ज्या मार्गानं परिणाम घडतो तो मीडिएटर वजा केला तर परिणामच पुसला जातो. एकच घटक कधी हा असतो, कधी तो. सॉफ्टवेअरला दोन्ही नुसते रकाने दिसतात.

माझं मत

टाळाटाळ नको, म्हणून सांगतो. 'सर्वांत बलवान संघांविरुद्ध, सगळ्यांना खुल्या मैदानात जिंकणं' हा निकष धरला तर सेबन यांची सहा पदं अधिक भक्कम आहेत. 'बदलत्या खेळात स्वतःला बदलणं' हा धरला तर निवाडा अवघड आहे. १९६९ आणि १९७० चे दोन सुमार हंगाम गेल्यावर ब्रायंट यांनी १९७१ मध्ये विशबोन ही नवी रचना आणली आणि पुढच्या दशकात तीन पदं मिळवली; सेबन यांनीही २०१४ नंतर आपला संथ, ताकदीचा खेळ सोडून वेगवान आक्रमण स्वीकारलं. पण ब्रायंट यांची पहिली तीन पदं मांडताना शेजारी एक ओळ असलीच पाहिजे: ही स्पर्धा सगळ्यांसाठी खुली नव्हती. ती ओळ तळटीपेत ढकलायची नाही. ती तक्त्याचाच भाग आहे.

'वेगवेगळ्या काळांची तुलना होऊच शकत नाही' असं म्हणून हात झटकणारे मला तितकेसे पटत नाहीत. तुलना होते, पण निकष आधी लिहून ठेवावा लागतो, आकडे पाहिल्यावर नाही. तुमच्या संशोधन आराखड्यात 'काळानुसार समायोजन केले' हे वाक्य येणार असेल, तर त्याआधी एका कागदावर दोन रकाने आखा: काळानं काय दिलं आणि माणसानं, संस्थेनं किंवा धोरणानं काय केलं. प्रत्येक चल कुठल्यातरी एका रकान्यात टाका आणि पुढे कारण लिहा. काही चल दोन्हीत बसतील. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न बहुधा त्यांच्यावरच येईल.