टाक्यांनी भरलेली विजार

संध्याकाळी गच्चीवर बासरी घेऊन बसलं की पातूरचा घाट चढायला निघालेल्या ट्रकांचे गिअर ऐकू येतात. त्याच आवाजात गेले दोन महिने मी एक आयरिश पोल्का घटवतोय. नाव मोठं गमतीचं : 'द ब्रिचेस फुल ऑफ स्टिचेस', म्हणजे टाक्यांनी भरलेली विजार.

विजार परकी, पण कापड ओळखीचं निघालं. मी शिकलो त्या रूपात मध्यम नाही, निषाद नाही. सा, रे, ग, प, ध. चक्क भूपाचे सूर! वाटलं, आठवड्यात बसेल. सूर बसले दोन दिवसांत. पोल्का बसेना.

रचना आटोपशीर आहे. आठ-आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक दोनदा; एका फेरीत 32 खंड संपतात. पहिला भाग षड्जापासून गंधारापर्यंत तीन पायऱ्या चढतो, तिथून पंचमावर उडी घेतो, धैवताला नुसता हात लावून माघारी येतो. दुसरा भाग वरच्या अंगाला फिरून अखेर षड्जावर टेकतो. खरी मेख ग-प या उडीत आहे. सहा छिद्रांच्या बासरीवर गंधाराला एकच छिद्र झाकलेलं असतं. वरच्या पंचमाला सहाही झाकायची आणि फुंकही चढवायची. आयर्लंडच्या टिन व्हिसलवर हीच धून त्यांच्या 'जी' स्वरातून वाजवली तर बोटं जवळपास अशीच पडतात. पत्र्याची शिटी आणि वेळूची बासरी, अडचण मात्र सख्ख्या बहिणींची!

पोल्का मुळात आयरिश नाही. 1830च्या दशकात ती बोहेमियात रुजली, पुढच्या दशकात युरोपभर पसरली आणि आयर्लंडच्या नैर्ऋत्येला, कॉर्क-केरीच्या सीमेवरच्या स्लीव लूखरा भागात कायमची मुक्कामाला राहिली. तिथले पॅड्रिग ओकीफ (1887–1963) शाळामास्तरकी सुटल्यावर गावोगाव पायी हिंडून फिडल शिकवत. त्यांनी स्वतःची सोपी लिपी केली होती : कोणती तार आणि तिच्यावर कितवं बोट, एवढंच. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड ही भावंडं त्यांचीच शिष्य. त्या दोघांचं वादन ऐकलं तेव्हा माझी चूक कळली. पाय ठोक्यावर पडतो, पण गजाचा जोर दोन ठोक्यांच्या मधे येतो. तो कागदावर उतरत नाही. तोच तर खरा टाका. त्याने एकेक सूर पुढच्याला शिवला जातो.

मी काय करत होतो? गंधारावर रेंगाळत होतो. भूपात तो वादी. त्याच्यापाशी थांबावं, मींडेने पंचमाकडे सरकावं, असंच बोटांना वळण. पोल्कात एकच सूर पाठोपाठ दोनदा आला तर मधे वरचं बोट निमिषभर उचलून तो तोडतात. त्याला 'कट' म्हणतात. आमची बोटं सूर जोडायला शिकलेली, ही तोडायला सांगते.

त्या दिवसांत गल्लीत भुलाबाई बसली होती. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत पोरी रोज गाणी म्हणतात, टिपऱ्या वाजवतात. चाल कोणी शिकवत नाही, थोरलीचं ऐकून धाकटी उचलते. एका संध्याकाळी माझं वाजवणं ऐकून त्यांतली एक खालूनच म्हणाली, "काकाजी, चांगलं हाये, पण याच्यावर टिपऱ्या नाई वाजत."

दोन महिन्यांतलं सगळ्यात नेमकं परीक्षण ते! ही धून डोळे मिटून ऐकायची नाहीच. चार जोड्यांना जमिनीवर फिरवायला ती केली आहे. नाचणाऱ्याला पाय टाकायला जागा ठेवली नाही तर पाचही सूर अचूक असून ती खोटी.

दुसऱ्या दिवशी गंधार लवकर सोडला. जिवावर आलं. सहा बोटं एकदम टेकवली, फुंक मधल्या जागी मारली, थांबलो नाही. पंचम जरा फाटला. पण तिसऱ्या फेरीला खालून टिपरीचा आवाज आला, आधी एक, मग दुसरी.